स्टॅम्पपेपरची सोडचिठ्ठी

माझं अक्षर बरं आहे. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, हळदीकुंकवाची बोलावणी, शेजारणींचे अर्ज, सगळं माझ्याकडंच येतं. त्याच अक्षरात मी माझ्या धाकट्या नणंदेची सोडचिठ्ठीही लिहिली. मैत्रिणींनो, आज त्याचीच कबुली देते आहे.

नणंद लेकीला घेऊन दोन वर्षं आमच्याकडं कापूरहोळला होती. मारहाण नव्हती, पण संसार जमला नाही तो नाहीच. दोन्हीकडची वडील माणसं बसली. "कोर्टकचेरी नको, वकिलाचा खर्च नको. स्टॅम्पपेपरवर लिहा, नोटरीचा शिक्का घ्या, मोकळे व्हा." घरात बी.ए. मी एकटीच, म्हणून मसुदा माझ्याकडं आला. 'पोटगी मागणार नाही, मुलीचा खर्च मागणार नाही.' सांगितलं तसं लिहिलं. नणंदेनं मान खाली घालून सही केली. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

वर्षभरानं तिला चांगलं स्थळ आलं. मुलाच्या मामांनी तो कागद वाचला आणि शांतपणे परत दिला. "ताई, कायद्यानं ह्या अजून त्यांच्याच बायको आहेत. कोर्टाचा हुकूमनामा आणा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे म्हणाले, "तुझा काय दोष? सगळ्यांनीच ठरवलं." पण अक्षर माझं होतं ना!

मग चौकशी केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, समाजातली काडीमोडाची जुनी रूढी सिद्ध करता आली तर ती मानतात. एरवी घटस्फोट कोर्टच देतं. १९७६ पासून त्यात परस्पर संमतीची सोय आहे. नवरा-बायको वर्षभर वेगळे राहत असले आणि दोघांचीही इच्छा असली, तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती सांगायची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की योग्य प्रकरणात हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं.

आणि वकील? १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात तर वकील देणं हा पक्षकाराचा हक्कच धरलेला नाही; आपलं म्हणणं आपणच मांडावं, अशी कल्पना. महाराष्ट्रात १९९४ पासून अशा दाव्यांत बायकांना कोर्ट फीही माफ आहे.

नणंद-नंदावे शेवटी एकत्र राहिले ते पुण्यात, धनकवडीला. म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जायचं ठरलं. अर्जाचा मसुदा पुन्हा मीच लिहिला. पण या वेळी टाइप करण्याआधी एसटीनं पुणं गाठलं आणि विधी सेवा प्राधिकरणात तो दाखवला. तिथं स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, कायद्याचा सल्ला आणि गरज पडल्यास वकीलही मोफत मिळतो. तिथल्या बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "मुलीचा खर्च सोडणाऱ्या तुम्ही कोण? तो हक्क तिचा आहे. आणि माहेरचे दागिने कुठं आहेत?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. जुन्या कागदातली ओळ मी जशीच्या तशी उतरवली होती!

अर्ज बदलला. लग्नपत्रिका, फोटो, पत्त्याचे पुरावे, दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडली. समुपदेशकांनी दोघांशी वेगवेगळं आणि एकत्र बोलून घेतलं. मुलीचा दरमहाचा खर्च लेखी ठरला, दागिने परत आले. नंदाव्यांनीही कुरकुर केली नाही. त्यांनाही कुणी नीट विचारलंच नव्हतं. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा संमती दिली आणि हुकूमनामा झाला. वकिलाला एक पैसाही द्यावा लागला नाही.

ते स्थळ मात्र थांबलं नाही. ती चूक मला भरून देता आली नाही.

म्हणून सांगते, संमती असली तर वकिलाशिवाय घटस्फोट होतो, पण सल्ल्याशिवाय सही करू नका. नवरा संमती देत नसेल, नाहीतर मुलांवरून, घरावरून वाद असेल, तर एकटीनं लढू नका. मोफत वकील मागून घ्या. तालुक्यालाही विधी सेवा समिती असते.

अजूनही बायका माझ्याकडं कागद लिहायला येतात. मी लिहून देते. पण सहीआधी प्रत्येकीला सबंध कागद मोठ्यानं वाचून दाखवते, आणि विचारते, "यातलं तू काय काय सोडते आहेस, सांग बघू?"