नौकेच्या पोटातील विस्तव

इ. स. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका सोडली आणि दूर उभे राहून, एकही तार न जोडता, ती हवी तशी वळवून दाखविली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना या शोधाचे अमेरिकन पेटंट मिळाले. आज सव्वाशे वर्षांनंतर तीच करामत बारा-चौदा वर्षांचा मुलगा गावच्या तलावावर सुट्टीच्या सकाळी सहज करतो. त्या काळच्या वजनदार विद्युतघटांच्या जागी आता लिथियम पॉलिमरची, हौशी मंडळींच्या बोलीत ‘लायपो’ची, हाताच्या पंजात मावणारी बॅटरी आली आहे. खेळण्याचा वेग वाढला तो तिच्यामुळे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची जबाबदारी वाढली तीही तिच्यामुळेच.

या बॅटरीचा हिशेब व्यापारी माणसाला चटकन उमजेल असा आहे. तिच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू दिल्यास सेल कायमचा बिघडतो. नौकेत बहुधा असे दोन किंवा तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. तीन सेलांचे ११.१ व्होल्ट आणि क्षमता ५००० मिलिअँपिअर-तास धरली, तर साठा झाला ५५.५ वॉट-तास. नऊ वॉटचा दिवा सहा तास जळावा एवढी ही शक्ती. दिवा ती सावकाश खर्च करतो. दोन तारा नको तिथे एकमेकींना भिडल्या, तर तीच शक्ती अत्यल्प वेळात उष्णतेच्या रूपाने बाहेर पडू पाहते. तिला आवरायला पोलादी कवच नसते. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांच्या पातळ पापुद्र्याची पिशवी असते आणि आत ज्वालाग्राही द्रव असतो.

लिथियम पाण्याला लागले की स्फोट होतो, असे शाळेत शिकलेल्या अनेकांना वाटते. धातुरूप लिथियम पाण्यात टाकले तर ते जोरात अभिक्रिया करते, हे खरेच आहे. परंतु चांगल्या स्थितीतील बॅटरीत लिथियमचा गोळा नसतो. ते आयनांच्या रूपाने ग्राफाइटच्या थरांमध्ये सामावलेले असते आणि पिशवीची शिवण घट्ट असते. म्हणूनच नौका क्षणभर उलटली आणि बॅटरी भिजली, तर बहुतेक वेळा डोळ्यांदेखत काहीच घडत नाही. फसगत होते ती इथेच.

पाणी प्रथम पोहोचते ते जोडणीच्या टोकांपाशी. मुख्य कनेक्टरशेजारी एक लहान पांढरा प्लग असतो. चार्जर त्यातून प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे पाहतो. त्याच्या पिना अगदी जवळजवळ असतात आणि लगतच्या दोन पिनांमध्ये सुमारे चार व्होल्टचा फरक असतो. पाण्याचे विघटन होण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे ओल राहिली की तिथे मंद गतीने प्रवाह वाहू लागतो, तांब्यावर हिरवट गंज धरतो आणि एखादा सेल इतरांपेक्षा जास्त रिकामा होतो. वरच्या रंगीत वेष्टणाखाली शिरलेले थेंब तर बाहेरून दिसतही नाहीत. पुढे अशी बॅटरी चार्जरला लावली, की गंजलेल्या पिनांमुळे चार्जरला दाब चुकीचा कळू शकतो, एखादा सेल मर्यादेपलीकडे भरला जाऊ शकतो आणि आग तिथून सुरू होते. पिशवी फाटलेली असेल, तर आतील क्षार पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लोराइड हा अतिशय विषारी वायू तयार होतो.

नौकेत तर पाण्याला आमंत्रणच असते. वेगवान नौकांची मोटर आणि स्पीड कंट्रोलर थंड ठेवण्यासाठी तलावाचेच पाणी बारीक नळीतून आत फिरविले जाते. ती नळी निसटली की पाणी थेट पोटात भरते. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असले, तरी तो शब्द बहुधा रिसीव्हर आणि कंट्रोलर यांच्यापुरता असतो, बॅटरीपुरता नव्हे.

खारे पाणी गोड्यापेक्षा कितीतरी घातक. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते वीज उत्तम वाहून नेतात. शिवाय पाणी सुकले तरी मीठ मागे उरते, आणि दमट हवेत ते पुन्हा ओल धरते. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इयान’ चक्रीवादळाने फ्लोरिडाच्या किनारी वस्त्यांत समुद्र शिरला. पाणी ओसरल्यानंतरही तेथील काही विजेच्या मोटारींनी उभ्या जागी पेट घेतला. मोटारींची बॅटरी लायपोहून फार मोठी, पण दोघींचे रसायन एकाच घराण्यातले. अलिबाग किंवा मालवणच्या किनाऱ्यावर नौका खेळविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खरा प्रश्न मात्र रसायनाचा नाही, काटकसरीचा आहे. सांगलीच्या बाजारपेठेतील एका घरात तो उभा राहिला. खाली कापडाचे दुकान आणि गोदाम, वर बिऱ्हाड. नातवाची नौका तलावात उलटली होती. बॅटरी त्याने पुसून पंख्याखाली ठेवली होती आणि रात्री ती चार्जिंगला लावण्याची तयारी चालली होती.

“आजोबा, आता पूर्ण कोरडी झाली आहे. चालेल ती,” नातू म्हणाला.

“कापड असतं तर मीही तेच म्हटलं असतं, बाळ. हिच्या आत काय झालंय ते दिसतंय का तुला?”

“पण तीन हजारांची आहे! फेकून कशी द्यायची?”

“तीन हजार मोजलेस, हे बरं केलंस. आता खाली गोदामात किती रुपयांचा माल आहे, ते तुझ्या बाबांना विचारून ये. आणि वर झोपणारी माणसं किती, ते तूच मोज.”

या आजोबांनी ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिला होता. पाणी उतरल्यावर त्यांनी भिजलेले तागे उन्हात वाळवून, भाव उतरवून विकले होते. भिजलेला माल टाकायचा नाही, त्यातून मिळेल ते सोडवायचे, हा व्यापारी घराचा संस्कार, आणि त्यावरच अशी घरे उभी राहिली आहेत. पण वाळवलेल्या कापडाचा तोटा एकदाच होतो आणि तो किती हे त्याच दिवशी कळते. ओल्या बॅटरीचा तोटा वहीत कुठेच दिसत नाही. बँकेच्या भाषेत ते संभाव्य दायित्व असते. ते अंगावर आले तर मुद्दलाच्या कितीतरी पट वसुली करते. अशा वेळी मुद्दल बुडीत खाती टाकणे हीच काटकसर.

नातवाने नाराजीनेच ऐकले. बॅटरी मागच्या अंगणात, भिंतीपासून दूर, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण न लावता ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी ती एका बाजूने फुगलेली आढळली. फुगणे म्हणजे आत वायू धरला जात असल्याची खूण. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा भरू नये.

ज्या घरी असा छंद आहे तिथे काही गोष्टी पाळणे कठीण नाही. नौका पाण्यात सोडण्यापूर्वी झाकणाच्या कडेला टेप लावावी आणि पोटात फोमचे तुकडे भरावेत, म्हणजे पाणी शिरले तरी नौका बुडत नाही. नौका बाहेर येताच झाकण उघडून बॅटरीची जोडणी प्रथम सोडवावी. भिजलेली बॅटरी घरात किंवा बंद मोटारीत ठेवू नये, आणि केस वाळविण्याच्या यंत्राने तर मुळीच तापवू नये. ती समुद्राच्या पाण्यात भिजली असेल, तर तिचा मोह सोडावा. चांगली बॅटरीही थंड झाल्यावरच, प्रत्येक सेलचा समतोल राखणाऱ्या चार्जरवर, ५००० ची असेल तर ५ अँपिअरच्या वर न जाता, फरशीवर आणि कोणी जागे असतानाच भरावी. बरेच दिवस वापरायची नसेल, तर प्रति सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. पेट घेतलाच तर आधी विजेचा मुख्य पुरवठा बंद करावा, धूर नाकात जाऊ न देता माणसे बाहेर काढावीत आणि १०१ वर कळवावे. लहान आगीवर दुरून भरपूर पाणी ओतल्याने बॅटरी थंड होते. इथे पाणी उपकारकच ठरते.

जुनी बॅटरी मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून निकामी करण्याची प्रथा हौशी मंडळींत आहे. तीत एक उणीव आहे. मिठाने टोके लवकर गंजतात, प्रवाह थांबतो आणि आत शक्ती शिल्लक राहते. बॅटरी भिजलेली वा फुगलेली नसेल, तर लहान दिवा जोडून ती उघड्यावर रिकामी करणे अधिक विश्वसनीय. त्यानंतर टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी, भंगारवाल्याच्या पोत्यात नको. भिजलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीला दिवाही जोडू नये. ती कोणत्या स्थितीत आहे हे केंद्राला आधी सांगून मगच तिकडे न्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तिचा लाभ घ्यावा.

खेळण्यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंवर तर दुहेरी जबाबदारी आहे. पावसाळ्यात गोदामात आलेले ओले खोके उतरत्या भावात विकण्यापूर्वी त्यात बॅटरी आहे काय, हे पाहावे. आणि येत्या सुट्टीत ज्या घरची मुले नौका घेऊन निघतील, तेथील मोठ्यांनी ती परतल्यावर दोन प्रश्न जरूर विचारावेत: बॅटरी भिजली होती का, आणि आता ती कुठे ठेवली आहे?