पेव

परंडा तालुक्यातल्या आमच्या गावात ज्वारी पेवात असायची. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग आजा दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील इझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही. तोंड अरुंद, म्हणून बहुतेकदा मलाच उतरवायचे. आत ऊब असायची. तो आंबूस वास अजून नाकात आहे.

१९७२ च्या दुष्काळात उतरलो, तर पायाला दाण्यांऐवजी बुडाचं भुसकट लागलं.

वरून आजानं विचारलं, "किती हाय रं?"

"हाय की, गुडघाभर," मी म्हणालो.

झाडूनपुसून दोन पायल्या निघाल्या. आजा काहीच बोलला नाही, दोर गुंडाळत राहिला. दुसऱ्या दिवशी आई-अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले.