कृष्णाकाठी एक दिवस

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. मुलांना एकदा कोठेतरी ने, असे आई बरेच दिवस सांगत होती. लांबचा प्रवास परवडण्यासारखा नव्हता. अखेर एका रविवारी वाईला जायचे ठरले. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी वसलेले हे छोटेसे शहर. पुण्याहून सकाळी निघावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढ्याच अंतरावरचे. सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, पत्नी, आई आणि मी असे पाच जण स्वारगेटहून एस.टी.ने निघालो. पिशवीत भाकरी, पिठले आणि लसणीची चटणी होती.

माझी मुलगी अखंड प्रश्न विचारी. गाडी खंबाटकीचा घाट चढू लागली तशी ती म्हणाली, "बाबा, इंजिन एवढं ओरडतंय, मग गाडी हळू का चालते?"

"गप्प बस जरा. लोक बघताहेत," मी म्हणालो.

ती गप्प बसली आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवले.

माझे शिक्षण आठवीतच थांबले. वडील गेले आणि मी एका कारखान्यात कामाला लागलो. मुलगी शाळेत जाऊ लागल्यापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाने माझ्या मनात धास्ती उभी राही. आपल्याला उत्तर आले नाही, तर आपले अज्ञान उघडे पडेल, असे वाटे. म्हणून मी प्रश्नच तोडून टाकी. पुढे पुढे तर प्रश्न नीट ऐकून घेण्याआधीच माझ्या तोंडून 'गप्प बस' निघू लागले होते.

वाईला उतरून आम्ही गणपती घाटावर गेलो. कृष्णेचे पाणी शांतपणे वाहत होते. पायऱ्यांवर कोणी कपडे धूत होते, कोणी नुसतेच बसले होते. समोर ढोल्या गणपतीचे मंदिर. गणपतराव रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. आतील मूर्ती एकाच दगडात कोरलेली आणि इतकी भव्य, की धाकटा दारातच थबकला आणि आजीच्या पदराआड लपला.

दर्शन घेऊन आम्ही मंदिराच्या मागे आलो. मागची भिंत सरळ नव्हती. दोन्ही बाजूंनी निमुळती होत ती एका टोकाला मिळाली होती. मुलीने ती निरखून पाहिली. मग माझ्याकडे न बघता ती आजीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आजी, ही भिंत अशी टोकदार का गं?"

तिने मला विचारले नाही, हे मला फार लागले. सकाळी मीच तिला गप्प केले होते.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. पण तिचे बालपण ओढ्याकाठच्या गावात गेले. ती नातीला घेऊन पायऱ्यांवरून पाण्याशी उतरली. "हात पाण्यात घाल. तळवा आडवा धर, पाणी आपटेल असा. काय होतंय?"

"पाणी ढकलतंय!"

"आता हात फिरव. करंगळीची कड पाण्याकडे कर."

मुलीने हात फिरवला. पाणी करंगळीपाशी दुभंगले आणि दोन्ही बाजूंनी निघून गेले. ती क्षणभर आपल्या हाताकडे पाहत राहिली आणि मग ओरडली, "म्हणजे पूर आला तरी देवळाला धक्का बसत नाही!"

कृष्णेच्या पुराचा जोर फुटावा, म्हणूनच ती भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, असे तेथील लोक सांगतात. माझ्या निरक्षर आईने ते एका हाताने समजावून दिले होते.

घाटावर भाकरी खाऊन आम्ही गावातून हिंडत निघालो. वाटेत मराठी विश्वकोशाचे कार्यालय लागले. रविवार असल्याने ते बंद होते. शेजारच्या चहावाल्याने मात्र अभिमानाने माहिती दिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६२ पासून येथे विश्वकोशाचे काम सुरू झाले. जगातील नाना विषयांची माहिती मराठीत आणण्यासाठी विद्वान माणसे या लहानशा गावात वर्षानुवर्षे राबली. पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बंद दाराकडे पाहताना मनात आले, जाणत्या माणसांनाही शोधायला इतकी वर्षे लागतात. मग मला एखादी गोष्ट ठाऊक नसली, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

दुपारी आम्ही तीन किलोमीटरवरील मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा पाहून मागच्या घाटावर उतरलो. तेथे मेणेश्वराच्या मंदिराजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेल्या एका स्त्रीची आकृती आहे. मुलगी घुटमळत माझ्याकडे पाहू लागली. प्रश्न तिच्या ओठांवर होता, पण बाहेर पडत नव्हता.

मीच म्हणालो, "विचार."

"बाबा, घंटेवरची ही बाई कोण?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण आपण शोधून काढू."

तिला फार आश्चर्य वाटले. "तुम्हालाही माहीत नसतं?" एवढे म्हणून तिने माझा हात धरला. त्यानंतर गाडी येईपर्यंत तिचे प्रश्न थांबले नाहीत.

परतीच्या गाडीत मीच सकाळचा विषय काढला. माझे अर्धे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले होते. लहान चाक मोठ्या चाकाला फिरवते तेव्हा वेग कमी होतो आणि जोर वाढतो. चढावर गाडीला वेगापेक्षा जोर अधिक हवा असतो, हे मी तिला दोन बांगड्या घेऊन दाखवले. ते उत्तर सकाळीही माझ्याजवळ होतेच. प्रश्न ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांनी तेथील चर्चमधील घंटा आणल्या. मेणवलीची घंटा त्यांतलीच, आणि तिच्यावरील स्त्री म्हणजे बाळ येशूला घेतलेली त्याची आई मेरी. मोठ्या पुस्तकावर बोट ठेवून मुलगी मोठ्याने वाचत होती. एका जोडाक्षरापाशी ती अडखळली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ते लावले.