४५ हजारांची बॅट

घरात एक इंजिनीयर असला की कुठलीही वस्तू घेताना त्याला विचारायची पद्धत आहे. मी साधा सॉफ्टवेअरवाला. पण आजवर फ्रिज, इन्व्हर्टर, फवारणीचा पंप आणि एकदा तर चक्क म्हैस, या सगळ्यांवर माझं मत घेतलं गेलंय. (म्हशीच्या बाबतीत मी मौन पाळलं. म्हैस चांगली निघाली.)

यावेळचा प्रश्न बॅटचा होता. माझी मावसबहीण यवतमाळला राहते, शेती घाटंजीकडे, पोरगा नववीत. तो समता मैदानावर, म्हणजे आमच्या पोस्टल ग्राउंडवर, टेनिस बॉलनं खेळत खेळत दोन वर्षांपूर्वी लेदर बॉलवर आला. आता त्याला विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या निवड चाचणीला जायचंय आणि त्यासाठी ४५ हजारांची इंग्लिश विलो बॅट हवीय. ताईचा फोन आला, "खरंच लागते का रे एवढ्याची बॅट? तो दोन दिवसांपासून धड जेवून नाही राहिला." मागून भाऊजींचा आवाज, "त्याले विचार, लाकूडच असते ना ते?"

लाकूडच असतं. पण प्रश्न मला सोडवेना. सरकारचा २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे ही बॅट साडेपाच क्विंटल कापसाची झाली. आमच्याकडच्या कोरडवाहू जमिनीत बऱ्या वर्षी एका एकरात साधारण एवढाच निघतो, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणी अजून वजा व्हायचीय. भाऊजींनी हा हिशोब माझ्याआधीच केला होता. ते त्या बॅटला "एक एकराची बॅट" म्हणतात.

तर आधी लाकडाचं बघू. यवतमाळ म्हणजे सागाचा जिल्हा. आमच्या लहानपणी गावातल्या सुताराकडून सागाच्या फळीची बॅट करून घ्यायचो आणि चार ओव्हरनंतर हाताला झिणझिण्या यायच्या. कारण सरळ आहे. साग साधारण ६५० किलो घनमीटरला, क्रिकेटची विलो चारशे-साडेचारशेच्या आसपास. जी बॅट विलोची ११५० ग्रॅमची होते, तीच त्याच मापात सागाची केली तर पावणेदोन किलोच्या आसपास जाते. शिवाय साग कडक. बॉल आपटल्यावर विलो किंचित दबते आणि परत उसळते, साग तो सगळा हादरा मनगटात पोचवतो. दार करायला साग, बॅट करायला विलो, हे ठरवण्यात कुणा कंपनीचा हात नाही.

विलोमध्ये दोन जाती बाजारात. काश्मीर विलो अनंतनाग भागात होते. जम्मू-श्रीनगर हायवेवर संगम, बिजबेहाराजवळ रस्त्याच्या कडेला चिरलेल्या फळ्यांचे मनोरे रचून ठेवलेले दिसतात. ही थोडी जड, थोडी कडक, आणि टेनिस बॉलसाठी एकदम झकास. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानच्या काही खेळाडूंनी काश्मीर विलो वापरली होती, त्यामुळे तिला अगदीच दुय्यम समजायचं कारण नाही. इंग्लिश विलो मुख्यतः इंग्लंडातून येते, तीही चिरलेल्या ओबडधोबड फळ्यांच्या रूपात, आणि आपल्याकडे मेरठ-जालंधरला तिची बॅट होते. इंग्लंडमधलं नाव छापलेल्या कित्येक बॅटी मुळात मेरठच्याच असतात. झाड तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि कोव्हिडनंतर भाव असे चढले की विचारू नका.

आता खरी गंमत ग्रेडची. इंग्लिश विलोला ग्रेड वन, टू, थ्री असे दर्जे देतात. मला वाटायचं यामागे काहीतरी मोजमाप असेल, मशीन असेल, निदान बॉल टाकून उसळी तरी बघत असतील. तसं काही नाही. ग्रेड मुख्यतः दिसण्यावर ठरतो. उभ्या रेषा, म्हणजे ग्रेन, सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत का, डाग आहे का, गाठ आहे का, कडेला लालसर पट्टा आहे का. एक रेघ म्हणजे झाडाचं एक वर्ष. दहा-बारा रेघांची बॅट दिसायला नवरीसारखी दिसते, पण सात रेघांची आणि एका कोपऱ्यात डाग असलेली बॅट तिच्याइतकीच, कधी जास्तही, उसळी देऊ शकते. उसळीवर जास्त फरक पडतो तो दाबाने. विलो मऊ असते, म्हणून बॅटची पुढची बाजू रोलरखाली दाबतात. वरचा थर घट्ट झाला पाहिजे आणि आतला स्प्रिंगसारखा राहिला पाहिजे. दाब कमी पडला तर बॅट फुटते, जास्त झाला तर दगड होते. हे त्या कारागिराच्या हातात आणि त्या लाकडाच्या स्वभावात. स्टिकरवर ते छापता येत नाही.

इथे मला माझ्या आधीच्या मॅनेजरचा पटर आठवला. (विषयांतर वाटेल, पण थोडा धीर धरा.) साहेब रविवारी येरवड्याला गोल्फ खेळायला जायचे आणि त्यांच्याकडे पन्नास हजारांच्या घरातला एक पटर होता. पटर म्हणजे होलजवळ आल्यावर बॉल हलकेच ढकलायची काठी. मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की पटरमागे खरोखरचं इंजिनीयरिंग आहे. कार्स्टन सोल्हाइम नावाचा, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणारा इंजिनीयर. त्याचं पटिंग भिकार होतं म्हणून त्यानं १९५९ मध्ये घरीच पटर बनवला. वजन मधे न ठेवता दोन्ही टोकांना नेलं, त्यामुळे बॉल थोडा इकडेतिकडे लागला तरी डोकं कमी फिरतं. त्या पटरचा बॉलवर 'पिंग' असा आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नावच पिंग. १९६६ चं त्याचं अँसर मॉडेल इतकं चाललं की आजचे निम्मे महागडे पटर त्याचीच भावंडं वाटतात.

पण धातूची काठी मशीनवर कातली जाते. शंभरावी काठी पहिलीसारखीच निघते. भूमिती एकदा सापडली की स्वस्तातली कंपनीही तीच भूमिती कातू शकते, आणि वरचे पैसे हातातल्या 'फील'चे, कातकामाच्या सफाईचे आणि नावाचे. पुन्हा कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडीनं लाखो फटक्यांचा डेटा चाळून दाखवलंय की अव्वल व्यावसायिक खेळाडू इतरांच्या पुढे असतात त्यात पटिंगचा वाटा फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. मोठे व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. साहेबांचा पटर पाच हजारांचा असता तरी त्यांचा स्कोअर तोच राहिला असता, असं माझं मत आहे. (साहेब वाचत असतील तर ह. घ्या.)

बॅटचं प्रकरण याहून वाईट. पटर निदान प्रत्येक वेळी तोच मिळतो. लाकूड तसं नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्या दोन तऱ्हेच्या निघतात. म्हणजे पैसे तर जास्त मोजायचे, आणि त्या पैशांत नक्की काय मिळेल याची हमी मात्र पटरपेक्षाही कमी. क्रिकेटवाले बॅटच्या उसळीलाही 'पिंग'च म्हणतात, पण इथला पिंग प्रत्येक बॅटला ठोकून ऐकावा लागतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा म्हटलं, वाद घालण्यापेक्षा टेस्टिंग करू. तीन बॅटी जमवल्या. एक त्याच्या मित्राची, हीच ती पंचेचाळीस हजारवाली. दुसरी त्याच्या कोचकडची मेरठची ग्रेड थ्री, बिननावाची. तिसरी भाच्याची काश्मीर विलो. तिन्हींना पुढूनमागून पांढरी टेप गुंडाळली, स्टिकर नाही, ग्रेन नाही. महागड्या बॅटचा मालक सोडून सात पोरं, जुना लेदर बॉल, मी थ्रोडाऊन टाकतोय. (दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नव्हता.) ग्रिपचे रंग वेगळे, वजनं थोडी वेगळी, सात पोरांवर काही सिद्ध होत नाही, हे सगळं मलाही कळतं. ऑफिसात अशी टेस्ट केली असती तर क्यूएवाल्यांनी परत पाठवली असती. असो.

काश्मीर विलो सातही जणांनी दोन-तीन बॉलांत ओळखली. हाताला बसते आणि बॉल त्या मानानं जात नाही. हा फरक खरा आहे, त्यात शंका नाही. लेदर बॉलवर सिरियसली खेळायचं तर इंग्लिश विलो लागते, भाऊजींना ते पटलंही. पण उरलेल्या दोघींमध्ये चौघांनी ग्रेड थ्री चांगली म्हटली आणि तिघांनी महागडी.

मग टेप काढली. चौघांतल्या दोघांनी लगेच मत बदललं. एक जण म्हणाला, "नाई काका, आता पाहिलं तर तीच भारी होती."

काका म्हटल्याचं दुःख बाजूला ठेवून मी भाच्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. तो जागचा हलला नाही. कोच म्हणाले, "सिलेक्टर लोक पाय पाहतात हो, स्टिकर नाही." त्यावर भाचा जे बोलला त्यानं माझी एक्सेल शीट गार पडली. "मामा, तिथं नेटमध्ये दहा-बारा बॉल भेटतात. लाइनीत नागपूरची पोरं उभी राहतात, सगळ्यायच्या हातात अशाच बॅटी. माझी बॅट पाहूनच बोलरले वाटते हा गावचा आहे. माझे पाय कोण पाहीन?"

याला उत्तर काय द्यायचं? पोरगं खोटं बोलत नव्हतं. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. पहाटेची गाडी, ताई सोबत, आणि मग ते दहा बॉल. त्या दहा बॉलांत छाती पुढे काढून उभं राहायला ज्याचा उपयोग होतो, त्याची किंमत शून्य धरणं बरोबर नाही. आता तर स्वप्नही जवळ आलंय. विदर्भानं २०१७-१८ आणि २०१८-१९ ला सलग रणजी जिंकली, तेव्हा तो अगदी लहान होता. पण २०२४-२५ ची फायनल जामठ्यालाच झाली आणि ती त्यानं मोबाइलवर बॉल न् बॉल पाहिली. केरळविरुद्ध दानिश मालेवारचे १५३, करुण नायरचे दुसऱ्या डावातले १३५, हे त्याला तोंडपाठ. मी म्हटलं, उमेश यादवसारखा बोलर हो, बॅटचा खर्च वाचेल. कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा तो, टेनिस बॉलवर टाकत टाकत २०११ मध्ये कसोटी खेळला. भाच्यानं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

मग मी त्याला मापावर आणलं. त्याची उंची पाच फूट चार इंच. त्याला लागते हॅरो साइज. मागत होता शॉर्ट हँडल, म्हणजे मोठ्यांची, कारण मित्राची तीच. आमच्याकडे शाळेचा शर्टही वाढत्या अंगाचा घेतात, तसं बॅटचं करायची सवय आहे, आणि तिथेच पोरांचे फटके बिघडतात. मोठी बॅट खाली यायला उशीर लागतो, आडवीतिडवी येते. हॅरो घेतली तर वर्ष-दीड वर्षात ती लहान पडणार, म्हणजे ४५ हजार वर्षा-दीड वर्षासाठी. हे मात्र त्याच्या डोक्यात शिरलं. गणितात बरा आहे.

दुसरी गोष्ट मला त्या दिवशी थ्रोडाऊन टाकताना दिसली आणि बॅटपेक्षा तिनंच जास्त घाबरवलं. सातातली पाच पोरं एकाच हेल्मेटमध्ये आळीपाळीनं खेळत होती. जुनं, सैल, जाळीचा एक स्क्रू गायब, आणि जाळी व टोपीच्या मधली फट एवढी की बॉल आत जाईल. २०१४ मध्ये फिल ह्यूजला मानेला बॉल लागून तो गेला, तो तर सगळ्या सोयी असलेला खेळाडू होता. हेल्मेटसाठी बीएस ७९२८:२०१३ नावाचं मानक आहे, त्यात प्रत्यक्ष क्रिकेट बॉल जाळीच्या फटीवर मारून बघतात. मला बॅटच्या ग्रेडमध्ये जे मोजमाप हवं होतं, ते इथे सापडलं. जादा पैसे द्यायचेच तर असल्या ठिकाणी द्यावेत, जिथे त्या पैशांनी काय विकत घेतलं ते कुणीतरी मोजलेलं असतं.

तर शेवटी असं ठरलं. ग्रेड थ्री, हॅरो, साडेतेरा हजार, कोचनी स्वतः दुकानात सहा बॅटी ठोकून बघून निवडलेली. एका कडेला तपकिरी डाग आहे, मागची बाजू साधीच. हेल्मेट नवं, त्याच मानकाचं, त्याच्या डोक्याच्या मापाचं. अर्धा डझन चांगले लेदर बॉल, कारण गोटा झालेल्या बॉलवर सराव करून टर्फवर स्विंग खेळता येत नाही. हे सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत बसलं. अर्धे माझे, अर्धे भाऊजींचे. माझा वाटा घ्यायला भाऊजी तयार नव्हते. मी मामा आहे म्हटल्यावर गप्प बसले. भाचा खूश आहे असं मी म्हणणार नाही. स्टिकरचं अजूनही मनात आहे. मित्राच्या बॅटचं स्टिकर ऑनलाइन दोनशे रुपयांत मिळतं असं त्यानं मला सहज सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता तिथे बॅट 'खेळवण्याचं' काम चालू आहे. कच्चं जवसाचं तेल लावायचं, पातळ हात, हँडल जिथे घुसतं तो भाग सोडून, आणि बॅट आडवी ठेवायची. जवसाचं तेल शोधायला पुण्यात ऑनलाइन ऑर्डर करावी लागली असती. इथे घरातल्या चटणीचंच जवस, तेलघाणीवर नेलं आणि बाटली भरून आणली. तेल मुरलं की लाकडी हातोडीनं कडा आणि पुढची बाजू हळूहळू ठोकायची, एकूण पाच-सहा तास, रोज थोडं थोडं. पोरगा शाळेतून आला की ओसरीत बसतो. टक् टक् टक्. परवा फोनवर मागे तोच आवाज येत होता आणि ताईच्या सासूबाई ओरडत होत्या, "अरे बंद कर बे, दुपारची डोळा लागू दे!"

चाचणी पुढच्या महिन्यात आहे.