पाणीवाल्या बाई आणि आमची पुतणी

परवा रात्री वहिनींचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. "भाऊजी, तुमचं ऐकते ती. तुम्हीच समजवा. म्हणते ग्रामपंचायतीला उभी राहणार!"

ती म्हणजे आमची पुतणी. एमएसडब्ल्यू झाली, पुण्यात नोकरी मिळत असताना गावी परत आली आणि गेली सहा वर्षं जालन्याच्या आसपासच्या गावांत एकट्या बायकांसाठी काम करते. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पेन्शन, कुणाचं काय. घरच्यांना त्याचं कौतुकच होतं. समाजसेवा चालते हो, राजकारण चालत नाही. समाजसेवेत माणूस फार तर गरीब राहतो, राजकारणात नाव जातं, असं वहिनींचं म्हणणं. खरं सांगायचं तर माझंही थोडंफार तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी समजावण्याच्या तयारीत बसलो होतो. तिने चहा संपवला आणि एका विधवा बाईची गोष्ट सांगितली. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या जागी त्या बाईचं नाव लावायचं होतं, एवढंच काम. त्यासाठी अकरा खेपा झाल्या. "काका, अर्ज लिहून लिहून हात दुखला. आता अर्ज घेणाऱ्यांच्या बाजूला बसून बघते."

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. आणि मला मृणालताई गोरे आठवल्या.

का आठवल्या, ते सांगतो. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई खडी फोडायच्या कामावर जायची, आम्ही पोरं सुकडीची वाट बघत बसायचो. विहिरीत पोहरा टाकला की नुसता खडखड आवाज यायचा. त्याच वर्षी तिकडे मुंबईत बायका महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे मृणालताई आणि अहिल्याताई रांगणेकर. आम्हाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. पुष्कळ वर्षांनी वाचलं, तेव्हा वाटलं, अरे, आपण खडखडणाऱ्या विहिरीशी उभे होतो तेव्हा कुणीतरी कुठेतरी भांडत होतं!

मृणालताई 1928 सालच्या. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. 1958 मध्ये नवरा, केशव गोरे, गेला. पदरात लहान मुलगी. पण काम सुटलं नाही. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या कडेचं गाव, आणि बाईंची निवडणुकीची सुरुवात झाली ती तिथल्या ग्रामपंचायतीतूनच. 1961 मध्ये महापालिका, 1972 मध्ये विधानसभा. पाण्यासाठी हंडे घेऊन इतके मोर्चे काढले की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. आणीबाणीत भूमिगत राहिल्या, मग तुरुंग. 1977 मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि घोषणा झाली : 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!' पुढे 1985 मध्ये पुन्हा आमदार झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रात झाला, त्यामागेही त्यांचा रेटा होता. 2012 मध्ये गेल्या.

आणखी एक माणूस आठवला, तो तर थेट लंडनचा. क्लेमंट ॲटली. सुखवस्तू वकिलाचा मुलगा, स्वतः बॅरिस्टर. 1905 मध्ये ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतल्या पोरांचा एक क्लब बघायला गेला आणि त्या कामातच गुंतला. पुढे तिथेच राहायला गेला. 1920 मध्ये त्याने 'द सोशल वर्कर' नावाचं पुस्तकच लिहिलं. 1922 मध्ये त्याच भागातून खासदार झाला, 1945 मध्ये पंतप्रधान. 1947 चा भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा त्याच्याच सरकारचा.

पण गंमत बघा. त्या कायद्याने संस्थानांना मोकळं सोडलं, निजाम वेगळा राहिला, आणि आपलं जालना निजामाकडे. म्हणजे 15 ऑगस्टला दिल्लीत झेंडा लागला तरी आमच्या आजोबांना 17 सप्टेंबर 1948 पर्यंत थांबावं लागलं. आजोबा म्हणायचे, "इंग्रज गेला रे, पण आपल्याकडं यायला स्वातंत्र्याला तेरा महिने लागले."

मला वाटतं, पुतणीचं म्हणणं इथेच कुठेतरी आहे. कायदा होतो दिल्लीत, मुंबईत. तो गावातल्या बाईच्या उताऱ्यापर्यंत पोचायला मधे कुणीतरी लागतं. ते कुणीतरी ओट्याच्या बाहेर उभं राहून विनवण्या करणारं असावं, की आत बसलेलं? मृणालताईंनी दोन्ही केलं. सभागृहात बोलल्या आणि हंडा घेऊन रस्त्यावरही आल्या. आत गेलेली बरीच माणसं पुन्हा बाहेर येत नाहीत, भीती आहे ती याची. नाव जाण्याची भीती मला तेवढी वाटत नाही.

म्हणून मी तिला अडवलं नाही. फक्त एक अट घातली. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती पाराजवळ बायकांना घेऊन बसते. निकाल काहीही लागो, तो गुरुवार चुकवायचा नाही. हरलीस तरी नाही, आणि जिंकलीस तर मुळीच नाही.

"एवढंच?" म्हणाली.

"हे एवढंसं नाही गं," मी म्हटलं. "दोन वर्षांनी विचारेन."

असो. समजवायला बसलो होतो मी, आणि झालं हे असं :-) वहिनी, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. रागावू नका. रविवारी जेवायला येतोय, तेव्हा समोरासमोर काय बोलायचं ते बोला. पिठलं-भाकरी चालेल.