तीनशे चारव्या जागेचं ऋण

दादाच्या आजाराला नाव मिळालं तेव्हा त्यानं पंचविशी ओलांडली होती. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही इथपासून पोराला लाडावून ठेवलंय इथपर्यंत, तोवर आईनं सगळी बोलणी ऐकून घेतली होती. कुकरची शिटी झाली की दादा दोन्ही कान दाबून धरायचा, पाहुण्यांच्या नजरेला नजर द्यायचा नाही, एकच वाक्य दिवसभर घोळवत बसायचा. तपासणीत निघालं ते फ्रॅजाइल एक्स. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर१ या जनुकाच्या तोंडाशी सीजीजी ही तीन अक्षरं बहुतेकांमध्ये तीसेक वेळा येतात. दादामध्ये ती २०० च्या वर गेली होती. इतकी वाढ झाली की जनुक मिटतं आणि एफएमआरपी नावाचं प्रथिन तयारच होत नाही.

जनुक १९९१ साली सापडलं. पण हे प्रथिन करतं तरी काय? त्याचा शोध घेत वाचत गेले आणि एका माणसापाशी थांबले. १९९३ सालच्या एका शोधनिबंधात तो निव्वळ ‘रुग्ण’ आहे. त्याची सीजीजीची संख्या वाढलेली नव्हती. प्रथिनही बनत होतं. तरी आजार तीव्र, दादापेक्षाही. फरक एका अक्षराचा, त्यामुळे प्रथिनाच्या ३०४ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी ॲस्पॅराजिन आलेलं. ती जागा आरएनए धरणाऱ्या भागातली निघाली. प्रथिन होतं, पण त्याची पकड गेली होती.

चेतापेशीच्या केंद्रकातून निघालेले आरएनएचे संदेश लांब फांद्यांतून चेतासंधींपर्यंत पोहोचतात. एफएमआरपी त्यांना धरून ठेवतं, रायबोसोमना आवरतं. इशारा आला की प्रथिनं तिथल्या तिथे बनू लागतात. उंदराच्या मेंदूत २०११ साली त्यानं धरलेले ८४२ वेगवेगळे संदेश मोजले गेले. ही पकड नसेल तर इशाऱ्याची वाट न पाहताच प्रथिनं बनत राहतात. दादाचा हट्ट हा हट्ट नव्हता, हे मला पटलं ते इथे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा मी नुसती मान डोलावली होती.

मूळ दोष दूर करणारं औषध अजून नाही. तरीही त्या अनोळखी माणसाचं माझ्यावर ऋण आहे. त्यानं दिलेल्या रक्ताच्या थेंबांतून माझ्या भावाच्या मेंदूत काय घडतंय ते मला कळलं, आणि त्याला कधी कळणारही नाही की कुणाला कळलं.

आईला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “त्याच्या आईलाही असंच बोलले असतील का गं लोक?”

आई स्वतः वाहक आहे. तिची संख्या ५५ ते २०० च्या मधली, आईकडून मुलाकडे जाताना वाढणारी. नातेवाइकांत हा विषय काढायला ती आजवर तयार नव्हती. त्या संध्याकाळी तिनंच मावशीला फोन लावला आणि तिच्या दोन्ही मुलींची तपासणी करून घ्यायला सांगितलं.