नाताळच्या आधीचे चार रविवार

दिवाळीचे आकाशकंदील दुकानांतून उतरतात आणि थोड्याच दिवसांत त्याच खिळ्यांवर नाताळच्या चांदण्या चढतात. लाल टोप्या येतात, प्लास्टिकची झाडं येतात, सवलतींचे फलक लागतात. डिसेंबर उजाडला की शाळांत, कार्यालयांत, सोसायट्यांत ख्रिसमसच्या पार्ट्या सुरू होतात. पंचवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलेलं असतं आणि बाजार एकतीस डिसेंबरच्या तयारीला लागतो.

चर्चचं पंचांग याच्या अगदी उलट चालतं. त्यात नाताळ चोवीस तारखेच्या रात्री सुरू होतो आणि जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर, प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणाला संपतो. त्याआधीचे चार रविवार हा आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ. वसई परिसरात धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना मी हे उपासनावर्ष शिकवते. श्रद्धा आणि लोकप्रिय संस्कृती यांचा संघर्ष म्हटलं की लोकांना सिनेमा, कपडे, संगीत आठवतं. मला मात्र तो सगळ्यात स्पष्ट या चार आठवड्यांत दिसतो. आपला वेळ आणि आपला पैसा कोणाच्या सांगण्यावरून खर्च होतो, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवसापासून मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी होतात. रविवारच्या मिस्सेत एरवी म्हटलं जाणारं महिमागीत थांबतं आणि, मधला एखादा मोठा सण सोडला तर, ते पुन्हा ऐकू येतं ते थेट नाताळच्या रात्री. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग येतो, कारण आनंद आता जवळ आलेला असतो. केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत तर नाताळाआधी पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात. घरात मांस-मासे शिजत नाहीत. आधी पोट आणि मन रिकामं करायचं, मग सण करायचा, हे शहाणपण श्रावण आणि चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरांना समजावून सांगावं लागत नाही.

आगमनकाळातल्या रविवारांची वाचनं मात्र गोडगुलाबी नाहीत. त्यांत बाप्तिस्मा करणारा योहान येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, ‘मग आम्ही काय करावं?’ तो कुठलंही गूढ तत्त्वज्ञान सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला धाकदपटशा दाखवून लुबाडू नये. सणाची तयारी कशी करायची, याचं बायबलमधलं उत्तर हे असं आहे. त्याच शुभवर्तमानात मरियेचं स्तोत्र आहे. सत्ताधाऱ्यांना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाची स्तुती एक खेड्यातली मुलगी गाते. हे ऐकून घरी जायचं आणि शेजाऱ्यापेक्षा मोठी रोषणाई करण्यासाठी कर्ज काढायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मग बंदी घालावी का? इतिहासात ते करून झालं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या कर्मठ प्युरिटन पंथाच्या मंडळींनी 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. या सणाला बायबलमध्ये आधार नाही, शिवाय त्याच्या नावानं दारू पिऊन धिंगाणा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. धिंगाण्याविषयी ते खरंच बोलत होते. पण 1681 मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला, आणि पुढे त्याच देशात नाताळाची सगळ्यात मोठी बाजारपेठ उभी राहिली. बंदीनं पोकळी तयार होते आणि ती भरायला बाजार नेहमीच तत्पर असतो.

ज्यांनी काही टिकाऊ घडवलं, त्यांनी लोकांच्या आवडीचं रूप घेतलं आणि त्यात श्रद्धेचा आशय भरला. 1223 सालच्या नाताळला असिसीच्या फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेचो गावी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी उभी केली. देव गरिबाच्या घरी जन्मला हे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्याचा हेतू होता. आज वसईत गावोगावी उभे राहणारे गोठे ही त्याच परंपरेची लेकरं. हँबुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे लुथरन धर्मशास्त्रज्ञ निराधार मुलांचा आश्रम चालवत. मुलं रोज विचारत, नाताळ कधी येणार? 1839 मध्ये त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवत मुलांना वाट पाहायला शिकवलं. आज कॅथलिक देवळांतही दिसणारं आगमनकाळाचं चक्र तिथून आलं. आपल्याकडे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी परदेशी चालींच्या उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. हे तिघेही संस्कृतीला घाबरले नाहीत. काय घ्यायचं आणि कशासाठी घ्यायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

सांताक्लॉजकडेही मी याच नजरेनं पाहते. त्याच्या मुळाशी आहेत चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप संत निकोलस. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. लाल कपड्यांतला हसरा म्हातारा मात्र जगभर पोचला तो 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन सुंडब्लॉम यांनी काढलेल्या चित्रांमुळे. निकोलसचा सण 6 डिसेंबरला, ऐन आगमनकाळात येतो. मुलांना सांता नाकारू नका, असं मी शिक्षकांना सांगते. त्या दिवशी निकोलसची गोष्ट सांगा आणि मुलांकडून एक भेट नाव न लिहिता कुणाला तरी पोचवा. घेणारा हात देणारा झाला की सांताचं काय करायचं हे मुलं स्वतःच ठरवतात.

वसईकरांना या संघर्षाचं आणखी मोठं रूप माहीत आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या विकून पैसा करण्याची लाट आली, टँकर विहिरींतलं पाणी उपसून नेऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या आंदोलनात सर्वधर्मीय शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले. धर्मगुरूनं देवळात राहावं असं सांगणारे तेव्हाही होते. पण शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार न करता आपली श्रीमंती वाढवू नये, ही शिकवण योहानाच्या दोन अंगरख्यांपासून फार दूर नाही. अशा श्रद्धेनं माणूस समाजापासून तुटत नाही. उलट तो शेजाऱ्याच्या अधिक कामी येतो.

घरी काय करायचं, असं तरुण आईबाप विचारतात. शाळेतल्या पार्टीला मुलांना आनंदानं जाऊ द्या. घरात मात्र गव्हाणी चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. दर रविवारी एक मेणबत्ती लावा आणि त्या आठवड्यात एक खरेदी टाळून तो पैसा बाजूला काढा. नेवऱ्या आणि कुलकुल करा, पण एक डबा अशा घरासाठी भरा जिथे यंदा मयत झाली आहे किंवा नोकरी गेली आहे. आणि सव्वीसला सण आवरू नका. त्या दिवशी चर्च पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचं स्मरण करतं, आणि 28 डिसेंबरला हेरोद राजानं मारलेल्या निष्पाप बालकांचं. बाळाच्या जन्मानंतर तीन दिवसांत हिंसा आणि परागंदा कुटुंब यांची आठवण करून देणारा हा सण आहे. आजही जगात मुलं बॉम्बखाली मरत असताना हे दिवस गाळून नाताळ करणं मला जमत नाही.

जांभळ्या रंगाचे चार आठवडे आम्ही नीट पाळले, तर पुढच्या दिवसांचा आनंद आम्हाला विकत घ्यावा लागणार नाही. माझ्या इतरधर्मीय वाचकांना एक आग्रहाचं सांगणं: पंचवीस तारीख उलटली म्हणून शुभेच्छा राहून गेल्या असं समजू नका. आमचा सण तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. तीन राजांच्या सणापर्यंत कधीही या. तोवर रोज नाताळच आहे.